टिंब कोणाच्या डोक्यावर?

समीक्षा पुस्तकांचीच करावी असा काही नियम नाही. असता, तर त्याचे परिपत्रक आमच्या शाखेत नक्की आले असते, आणि 'वाचले' म्हणून मी त्यावर सहीही केली असती. तरीही आपले समीक्षक पुस्तकांचीच पाठ धरतात. पुस्तके मुळात वाचतात किती लोक? जे वाचतात त्यांतले निम्मे उसनी आणून वाचतात. पाटी मात्र सगळे वाचतात, उभ्याने वाचतात आणि फुकट वाचतात. इतका वाचकवर्ग असूनही ज्याला आजवर एक शाल किंवा श्रीफळ मिळालेले नाही, असा पाटी हा मराठीतला बहुधा एकमेव वाङ्मयप्रकार असावा.

म्हणून आज पाट्यांची समीक्षा. क्षेत्र मर्यादित : रामवाडीला एस.टी.तून उतरल्यापासून पेणच्या बाजारपेठेपर्यंत, आणि रविवारी सवड मिळाली तर पुढे रोह्यापर्यंत. विषय त्याहून मर्यादित : अक्षराच्या डोक्यावरचे टिंब. टिंबाचा विचार कॉमर्सच्या पदवीधराने का करावा, असे कोणी विचारील. अहो, त्यानेच करावा! पैशांच्या आकड्यातले टिंब एक घर इकडेतिकडे झाले, तर काय होते हे आम्हांला ठाऊक आहे. कवीचे टिंब हरवले तर फार तर अर्थ बदलतो. आमचे हरवले तर चौकशी बसते.

पेण म्हणजे गणपतींचे गाव. की गणपतीचे? झाली सुरुवात!

पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात घराघरांतून गणपती तयार होतात आणि मुंबई-पुण्यापासून थेट परदेशापर्यंत जातात. तिथल्या पाट्या दोन पंथांच्या आहेत. एक पंथ लिहितो 'गणपतीचा कारखाना', दुसरा लिहितो 'गणपतींचा कारखाना'. मी एका कारखानदारांना विचारले, "यातलं बरोबर कुठलं हो?" ते सोंडेला रंग देत होते. मान वर न करता म्हणाले, "देव एकच ना साहेब? मूर्ती पाचशे असल्या म्हणून काय झालं?" म्हणजे हा मनुष्य अद्वैती. शेजारच्या पाटीवर टिंब होते. त्या मालकांचे म्हणणे, "पाचशे गणपती उभे आहेत डोळ्यांसमोर, आणि एकाचा कारखाना कसं लिहू?" हे व्यवहारवादी. शंकराचार्य पेणला आले असते, तर त्यांना वादासाठी दूर जावे लागले नसते.

एरवी हा वाद कौतुकाने सोडून देता आला असता, पण मूर्ती हा शब्द घात करतो. एक मूर्ती आणि दहा मूर्ती. (काही लोक 'मूर्त्या' म्हणतात, पण लिहिताना एकवचनी आणि अनेकवचनी रूप एकच.) आता पावती पाहा. 'मूर्तीचे पैसे मिळाले' आणि 'मूर्तींचे पैसे मिळाले' या दोन वाक्यांत एका टिंबाचाच फरक आहे. पहिल्यात एक बाप्पा घरी येतात, दुसऱ्यात टेंपो करावा लागतो. शब्दाचे बाकीचे सगळे अंग तेच, आणि व्यवहाराचे ओझे त्या एका ठिपक्याच्या डोक्यावर. नव्हे, तो ठिपकाच शब्दाच्या डोक्यावर!

इंग्रजीत हेच ओझे स्वल्पविरामासारख्या एका लोंबत्या चिन्हावर असते. त्याला ॲपॉस्ट्रॉफी म्हणतात. एका मुलाचे असेल तर ते चिन्ह 'एस'च्या आधी, अनेक मुलांचे असेल तर 'एस'च्या नंतर. आमच्या धंद्यातला एक जुना कायदा आहे, 1891 चा बँकर्स' बुक्स एव्हिडन्स ॲक्ट. त्यातले चिन्ह 'एस'च्या नंतर आहे, म्हणजे वह्या सगळ्या बँकवाल्यांच्या. प्रॉव्हिडंट फंडाच्या 1952 च्या कायद्यातही 'एम्प्लॉईज' या शब्दाच्या शेवटीच ते चिन्ह आहे. म्हणजे फंड सर्व कर्मचाऱ्यांचा. ते चिन्ह एक घर अलीकडे सरकले, तर साऱ्या देशाचा फंड एकाच कर्मचाऱ्याचा होईल. तो कर्मचारी कोण, एवढेच काय ते शोधायचे राहील.

पण साहेबाच्या देशातही या चिन्हाचे दिवस बरे नाहीत. जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकाराने 2001 साली ॲपॉस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी एक संस्था काढली, दुकानदारांना पत्रे लिहून लिहून चुका दाखवल्या, आणि 2019 साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी हात टेकले. वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या मोठ्या दुकानाने 2012 साली आपल्या नावातले हे चिन्ह काढून टाकले. दुकान पुस्तकांचे, हे लक्षात घ्या! अमेरिकेचे भूनामांचे सरकारी मंडळ तर 1890 पासून गावांच्या नावांतले ॲपॉस्ट्रॉफी पुसत आले आहे. सूट मिळालेली ठिकाणे एका हाताच्या बोटांवर मोजावीत.

तिकडे टाकून दिलेली ही चिन्हे जातात कुठे, याचा शोध मला लागला आहे. ती आपल्याकडच्या सोसायट्यांत येतात. कुठल्याही नव्या इमारतीत जा. दारावर इंग्रजीत 'द पाटील्स' आणि 'ल' व 'स' यांच्या मध्ये हटकून ते लोंबते चिन्ह. घरात चार पाटील, चिन्हाप्रमाणे पाटील एक, आणि त्या एका पाटलाचे काय, ते पाटीवर लिहिलेलेच नाही. त्यापेक्षा 'पाटील' एवढेच लिहिले असते, तरी पोस्टमन आला असता.

आता आपल्या टिंबाचा इतिहास थोडक्यात सांगतो. पूर्वी मराठीत टिंबांची चंगळ होती. 'मी घरीं जातों', 'तें कांहीं खरें नाहीं', असे एकेक वाक्य म्हणजे पावसाळ्यातली पत्र्याची पन्हळ. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम सरकारने मान्य केले. 1972 साली आणखी चार आले, एकूण अठरा झाले. त्या नियमांनी उच्चारात नसलेली टिंबे पुसून टाकली. लेखनाचा तो फार मोठा उपकार होता, आणि छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्यांनी तर नवससुद्धा फेडले असतील. मात्र एक टिंब त्यांनी हट्टाने ठेवले. अनेकवचनी नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लावायचे, तर आधी डोक्यावर अनुस्वार. मुलाचा आणि मुलांचा. घरापुढे आणि घरांपुढे.

हे टिंब वाचले, कारण त्याच्यामागे पुण्याई मोठी होती. संस्कृतातले 'देवानाम्' म्हणजे देवांचे. ते प्राकृतात 'देवाणं' झाले आणि घासत घासत मराठीत 'देवां-' एवढेच उरले. म्हणजे ते टिंब हे मुळात 'अनेकांचे' या अर्थाच्या अख्ख्या प्रत्ययाची शिल्लक आहे. इंग्रजी ॲपॉस्ट्रॉफी ही गिळलेल्या 'ई'ची खूण, आपले टिंब हे गिळलेल्या 'नाम्'ची. दोन्ही भाषांनी अक्षरे खाल्ली. त्यांनी ढेकर दिला, आपण टिळा लावला.

इथवर नियमांना पैकीच्या पैकी गुण. पण समीक्षकाने पुढचे पान उलटायचे असते. पुढचा नियम असा, की आदरार्थी बहुवचनालाही हाच अनुस्वार द्यावा. इथे घोटाळा आहे. माणूस एक असो की पन्नास, आदर दाखवायचा म्हटला की टिंब तेच. 'अध्यक्षांचा निर्णय' म्हटल्यावर अध्यक्ष एक की अनेक, हे कळायला मार्ग नाही. (काही मंडळांत ते सभा संपेपर्यंत अध्यक्षांनाही कळत नाही.) रोह्याशी नाते असलेले चिंतामणराव देशमुख 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. 'नोटेवर देशमुखांची सही आहे' असे आपण अभिमानाने सांगतो. परक्या माणसाला वाटावे, की बरेच देशमुख जमले होते आणि एकाने सगळ्यांच्या वतीने सही ठोकली.

काउंटरवर हे रोज घडते. एक बाई आल्या, म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं खातं बघायचंय." मी म्हणालो, "एकट्याचं की जॉइंट?" त्या म्हणाल्या, "ह्यांचं एकट्याचं." 'ह्यांचं'मध्ये टिंब आहे, 'एकट्याचं'च्या पोटात नाही, आणि दोन्ही शब्द एकाच गृहस्थाविषयी, एकाच श्वासात! मराठी बायकोच्या तोंडी नवरा एकाच वाक्यात अनेकवचनी आणि एकवचनी असू शकतो. तो मान कधी मिळतो आणि कधी निघतो, हे ज्याचे त्याला ठाऊक.

या टिंबावरून घराचा नकाशा काढता येतो. वडिलांचे, आजोबांचे, काकांचे, सगळ्यांच्या डोक्यावर टिंब. आईचे? टिंब नाही. आजीचे? नाही. घरातली जी माणसे जवळची, त्यांना आपण ठिपका देत नाही, असा याचा गोड अर्थ लावता येतो, आणि मातृदिनाला तो लावतातही. सुनेने 'आईंचे' असे टिंब देऊन म्हटले, की ओळखावे, गोष्ट सासूबाईंची आहे. देवालाही आपण टिंब देत नाही. तो बाप्पा 'आला' आणि 'गेला'. म्हणूनच 'गणपतींचे' म्हटले, की ते आदराने नाही, निव्वळ संख्येने. साऱ्या मराठी मुलखात टिंबाचा हिशेब चोख लागतो तो फक्त देवाच्या खात्यात.

आता रस्त्यावर परत येऊ. पेणच्या पापडांच्या दुकानात पाटी असते 'बटाट्याचे पापड'. एका बटाट्याचे किती पापड होणार? पण 'बटाट्यांचे पापड' कोणी लिहीत नाही, लिहिले तर विचित्र वाटते. उलट 'फुलांचा हार' असतो, 'फुलाचा हार' नसतो. 'आंब्याचा रस' आणि 'आंब्यांची रास'. या पाट्या पाहून पाहून मी एक सिद्धान्त काढला आहे : जो अखंड राहिला त्याला टिंब मिळते. जो कुटला, पिळला किंवा किसला गेला, त्याची गणती बंद होते आणि तो एकवचनी होतो. हारातले फूल मोजता येते, पापडातला बटाटा मोजता येत नाही. हा नियम व्याकरणाच्या कुठल्या पुस्तकातून मी उचललेला नाही, पण पेणच्या पेंटरांना तो मुखोद्गत आहे. हल्ली पेंटरांची जागा फ्लेक्सवाल्यांनी घेतली. ते मात्र संगणकात जसे टंकले जाईल तसे छापतात, आणि वर वाढदिवसाचा फोटो टाकतात.

या सिद्धान्ताच्या उजेडात मी एका बँकेची भिंत वाचली. (कुठली, ते सांगत नाही. नोकरीची अजून काही वर्षे आहेत.) 'ग्राहकाचे समाधान हेच आमचे ध्येय.' टिंब नाही! एक ग्राहक. तो भाग्यवान कोण असावा, याचा विचार रांगेतले बाकीचे करत होते. की सिद्धान्त इथेही खरा? कुटला, पिळला आणि किसला गेला, तो एकवचनी.

मुंबईच्या दुकानांना देवनागरी मराठी पाट्या लावण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या सप्टेंबरात दोन महिन्यांची मुदत दिली. अक्षरे दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नसावीत, हेही कायद्यात आहे. अक्षराचा आकार कायद्याने ठरला. डोक्यावरचे टिंब मात्र अजून ज्याच्या त्याच्या संस्कारांवर सोपवलेले आहे.

वाचक म्हणतील, एवढ्याशा ठिपक्यासाठी केवढा हा दळणवळणाचा खर्च! पाटीपुरते असते, तर मीही दुर्लक्ष केले असते. 'मुलाचे कपडे' लिहिलेल्या दुकानात कोणी एकच मूल समजून परत फिरत नाही. पण हेच टिंब कागदावर येते, आणि कागद लिहिणारा हयात नसतो, तेव्हा ते ठिपक्याएवढे राहत नाही.

'माझी ठेव माझ्या मुलाच्या नावे करावी.' 'माझी ठेव माझ्या मुलांच्या नावे करावी.' दोन ओळी. वडिलांना मुले तीन. हात थरथरत होता, पेन संपत आले होते, आणि कागदावर टिंब आहे की शाईचा डाग, हे ठरवायला तिघे भाऊ तिघांच्या तीन वकिलांना घेऊन बसतात. त्यातून एकाने भिंग आणलेले असते.

बरे, टिंब अगदी ठसठशीत आहे असे धरा. तरी भांडण मिटले का? मुळीच नाही. 'मुलांच्या' हे रूप 'मुलगे' या शब्दाचेही होते आणि 'मुले' या शब्दाचेही. म्हणजे रोह्याला दिलेली मुलगी त्यात आहे की नाही? भाऊ म्हणतात, "मुलांच्या म्हणजे मुलग्यांच्या. अण्णांना तसंच म्हणायचं होतं." बहीण म्हणते, "मी अण्णांचं मूल नव्हे, तर कोण?" टिंबाने संख्या सांगितली, पण लेकीला पोटात घेतले की बाहेर ठेवले, ते सांगितले नाही. कायद्याने महाराष्ट्रात 1994 साली आणि सबंध देशात 2005 साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने बसवले. भाषेने तिला अजून 'मुलांच्या' या शब्दाच्या ओसरीवर उभे केले आहे. आणि आपल्याकडच्या जमिनींना भाव आल्यापासून त्या ओसरीवर हक्कसोडपत्राचा कागद आणि पेन तयारच असते.

जुन्या कागदांचे आणखी एक दुखणे आहे. 1962 च्या आधी 'घरांत' म्हणजे एका घराच्या आत. टिंब निव्वळ रिवाजाचे. आजच्या नियमाने 'घरात' म्हणजे एका, आणि 'घरांत' म्हणजे अनेक. आजोबांनी 1950 साली लिहिले, 'माझ्या घरांत दोघांचा समान हिस्सा'. नातू आज वाचतो आणि दुसरे घर शोधायला निघतो! आजोबांची एकच खोपी होती, पण शुद्धलेखनाने नातवाला इस्टेट दाखवली. तेव्हा जुना कागद वाचताना आधी साल बघावे, मग टिंब बघावे, आणि मगच भावाकडे बघावे.

आता निकाल. समीक्षकाने शेवटी निकाल द्यायचा असतो, म्हणून देतो. पाटीवरच्या टिंबासाठी कोणाशी भांडू नये. तिथे मूर्ती, पापड आणि हार डोळ्यांसमोर असतात. मोजून घेता येतात. पत्रातल्या, निमंत्रणातल्या आदरार्थी टिंबात कंजुषी करू नये. ठिपक्याला पैसे पडत नाहीत, आणि काकांना तो बरोबर दिसतो. पण ज्या कागदावर पैसा आहे, जमीन आहे किंवा बहीण आहे, तिथे टिंबावर विसंबू नये. तिथे 'मुलाच्या'ही नको आणि 'मुलांच्या'ही नको. तिथे सरळ नावे लिहावीत. एकेक करून, लेकीसकट, पुढे हिस्सा किती तो आकड्यांत आणि अक्षरांत.

बँकेच्या ठेवीला पूर्वी नॉमिनी एकच लावता येई. 1 नोव्हेंबर 2025 पासून चार लावता येतात, आणि कोणाला किती टक्के, तेही लिहिता येते. तिथे 'मुलांच्या' असे लिहायला जागाच नाही, नाव लिहावे लागते. फॉर्म कोणी केला ते मला माहीत नाही, पण त्याला मराठी कुटुंबाची चांगली माहिती असली पाहिजे. मात्र नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. तो पैसे फक्त हातात घेतो, ते वारसांचे असतात. (वारसांचे. टिंब बघितलेत ना?) म्हणून नॉमिनी लावला तरी मृत्युपत्र लिहायचे राहते, आणि ते लिहायला बसण्याचा मुहूर्त काही केल्या पंचांगात सापडत नाही. आमच्या काउंटरवर लोक विचारतात, "घाई काय आहे? मुलं समजूतदार आहेत." मुले समजूतदारच असतात. कागद वाचेपर्यंत.

तेव्हा नावे लिहा. एखाद्याच्या स्वतःच्या नावाला बहुवचनही नसते आणि आदरही लागत नाही, त्यामुळे तिथे टिंबाचा प्रश्नच येत नाही. संजय, मंगल आणि वसंत यांची गोष्ट वेगळी. पण त्यांचे टिंब बारशापासूनचे आहे. ते कोर्टालाही काढता येणार नाही.